दोनशे बारा

कोकरे सर माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी टाच. लग्नात, एसटी स्टँडवर, दवाखान्याच्या बाकावर, कुठंही माणूस भेटला की सरांची मान खाली. बारामतीत ज्यांना ठाऊक नव्हतं ते म्हणायचे, मास्तर भारी शिष्ट, मान वर करून बोलत नाही. ज्यांना ठाऊक होतं ते पाय मागं घ्यायचे. कारण सरांचा भरवसा नव्हता. एखाद्याची टाच जाड वाटली तर ते भर रस्त्यात उकिडवे बसायचे आणि "जरा बघू द्या, राव" म्हणत टाचेमागची शीर दोन बोटांत धरून चेपायचे. एकदा एका फौजदाराची चेपली. फौजदार इतका गांगरला की त्यानं दुसरा पायही पुढं केला.

सर ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी, पुढं डीएमएलटी करून बारामतीतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त तपासायला लागले. सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. त्यांच्याबद्दल कुणी विचारलं की मी फौजदाराची गोष्ट सांगते, सगळे हसतात, मीही हसते, आणि पुढचं सांगत नाही. आज पुढचं सांगायला बसले आहे.

वर्गात सर कुणाला नावानं हाक मारत नसत. गावानं मारत. "ए लोणी देवकर, खिडकीत काय बघतो?" "सणसर, उठ बाई, सांग." माझे वडील साखर कारखान्यात फिटर, आम्ही भवानीनगरला कॉलनीत राहायचो, म्हणून मी भवानीनगर. लग्न झालं, नोकरी लागली, केसांत पांढरं दिसायला लागलं, तरी सरांसाठी मी भवानीनगरच राहिले. भाषा त्यांची कळंबची, घरात बोलत तीच वर्गात. नवीन आलेल्या प्राचार्यांनी एकदा शुद्ध बोलायला सुचवलं. सर म्हणाले, "आमची भाषा कळत न्हाय अशी पेशी मला अजून भेटली न्हाय, साहेब."

पेशी हे त्यांचं वेड, आणि त्यातही पेशीच्या आवरणावरचा एक रिसेप्टर. रक्तातली चरबी ओळखून तिला आत ओढून घेणारा. अमेरिकेतल्या दोघांनी तो शोधून काढला आणि त्यांना नोबेल मिळालं, ही बातमी सरांनी कापून पाकिटात ठेवलेली होती. आमच्या पुस्तकात त्या रिसेप्टरवर एक ओळही नव्हती. सर त्यावर आठवडा घालवायचे. मुलं विचारायची, "सर, हे परीक्षेला येतं का?" सर म्हणायचे, "परीक्षेला न्हाय येत. घरी येतं."

गळीत हंगामात ते आम्हाला घेऊन आमच्याच कारखान्याच्या गेटवर आले. उसाच्या बैलगाड्यांची रांग पार फाट्यापर्यंत लागलेली. सर एका गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि सुरू झाले. "रक्तात चरबी सुटी फिरत न्हाय. ती अशी गाड्यात भरून येती. पेशी म्हंजी हा कारखाना. गेटवर हूक लावल्यालं हायती. हूक गाडी धरतो, गाडीसकट आत जातो, आत आंबट पाणी लागलं की गाडी सोडतो आन् मोकळा परत गेटावर. धा मिन्टात एक फेरी! आतल्या लोकांना कळतं ऊस किती झाला. पुरला, की हूक काढून घेत्यात. कमी पडला, की वाढवत्यात. आता सांगा, निम्मं हूकच बसवायचं राहून गेलं तर?"

"गाड्या रस्त्यावर थांबतील, सर."

"थांबतील. वाळतील. सांडतील. रस्ता बंद पडंल. आन् लोकं काय म्हंतील? रस्ता खराब हाय. अरे, रोग रस्त्यात न्हाय, दारात हाय!"

ज्या गाडीला टेकले होते तिचा गाडीवान हे सगळं ऐकत होता. तो खाली उतरून म्हणाला, "मास्तर, मगाधरनं बघतुया, कुणाला चरबी म्हंतो रं?" आमची हसून हसून मुरकुंडी वळली. सरांनी त्याची समजूत काढली, त्याच्याकडून दोन ऊस मिळवले, आणि जाता जाता त्याची टाचही बघून घेतली.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांनी तो हूक काढला. बाहेर लोंबणारा लांब धागा, टोकाला सात गाठी, एकेक गाठ कॅल्शियमनं आवळून बसवलेली. त्या गाठी गाडीवरचं लेबल ओळखतात. त्याच्यामागं एक भाग, आंबट लागलं की वळून गाडी सोडून देणारा. मग साखरेनं मढवलेली मान, आवरणातून आरपार गेलेला तुकडा, आणि आत राहिलेली पन्नास मण्यांची एवढीशी शेपटी. ह्या शेपटीला धरून पेशी हूक आत ओढते. सर शेपटीशी आले की त्यांचा आवाज खाली यायचा. "ह्यातला एक मणी चुकला ना, तरी हूक गाडी धरतो. धरून उभा ऱ्हातो. पर वढत न्हाय कुणी." एवढं बोलून ते खिडकीबाहेर बघत राहिले. आम्हाला वाटलं, तास संपला.

हे वेड कुठून आलं ते मला पुढं कळलं. सरांचं घराणं कळंबचं, पूर्वी मेंढरं राखणारं. वडील चाळिशीत लोकर कातरता कातरता कलंडले. थोरले भाऊ अडतिसाव्या वर्षी उसाला पाणी देताना बांधावर बसले ते उठलेच नाहीत. दोघांच्याही टाचा जाड होत्या, बोटांच्या सांध्यांवर गाठी होत्या; दारात अडलेली चरबी तिथं साठते. घरातली माणसं म्हणायची, मेंढरं विकून ऊस लावला, म्हणून देव कोपला. सर चिडायचे. "देवाला दुसरं काम न्हाय का? सगळ्या तालुक्यानं मेंढरं विकली. कोपला तो आमच्यावरच?" त्यांच्या स्वतःच्याही टाचा तशाच होत्या. मागं पट्टा असलेली चप्पल त्यांना कधी घालता आली नाही.

जत्रेत अख्खं गाव मटणावर तुटून पडायचं तेव्हा सर चमच्यानं रश्श्यावरची तर्री काढून शेजारच्याच्या ताटात टाकायचे. त्यामुळं त्यांच्या शेजारी बसायला भांडणं लागायची. "खावा, तुमच्या दाराला हूक हायती," म्हणायचे. आणि एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागं त्यांनी घराण्याचा नकाशा काढला होता. पुरुष चौकोन, बायका गोल. ज्यांचं कोलेस्टेरॉल जास्त निघालं ते काळे केलेले. मी लॅबला लागल्यापासून ते एकेका नातेवाइकाला समजावून, दमदाटी करून, प्रसंगी रसवंतीत रस पाजून बारामतीला आणायचे आणि माझ्यापुढं बसवायचे. "हिला भिऊ नका. माझ्या हाताखाली तयार झाल्याली हाय. ही लिहिती ते खरं." हे वाक्य ते सगळ्यांपुढं म्हणायचे. मला किती बरं वाटायचं, काय सांगू.

आणि मग भानुदास आणि रुक्मिणीचं लग्न निघालं.

रुक्मिणी म्हणजे बांधावर गेलेल्या त्या थोरल्या भावाची मुलगी. बाप गेल्यावर सरांनीच तिला वाढवलेली. भानुदास म्हणजे सरांच्या बहिणीचा, लोणी देवकरच्या सरूआक्कांचा मुलगा. मामाची पोरगी करायची हा आपल्याकडचा रिवाज. आक्कांनी रुक्मिणीला ती पाळण्यात असतानाच मागून ठेवलं होतं. दोघंही एकमेकांवर खूश. आडवे आले ते एकटे सर.

कारण त्यांच्या नकाशात दोघंही एकाच आजोबाखाली होते. आई किंवा बाप, एकाकडून बिघाड आला तर निम्मे हूक राहतात, माणूस चाळिशी तरी बघतो. दोघांकडून आला तर दाराला हूकच नाही. चारात एक मूल तसं निघायचं, आणि ते मूल दहाबारा वर्षंही काढत नाही. सरांनी हे आक्कांना तीन वेळा समजावलं. आक्का म्हणाल्या, "तुझं ते दार न् खिडकी मला कळत न्हाय. पर तू शिकल्याला हायस. दोघांचं रगत बघ. दोघांचं वाईट निघालं तर म्या सोता मोडते सोयरीक. एकाचं निघालं तर मग गप बसायचं." सरांनी शब्द दिला. खेड्यातल्या बाईनं एका कागदावर पोराचं लग्न मोडायला तयार व्हावं, ही काय साधी गोष्ट होती? सरांच्या इतक्या वर्षांच्या बडबडीची ती कमाई होती.

दोघंही उपाशीपोटी सकाळी आले. भानुदास ट्रॅक्टर चालवायचा, दंडाची शीर अशी की डोळे मिटून सुई घालावी. रुक्मिणीनं सुई बघून त्याचा हात धरला. मी तिला चिडवलंसुद्धा, "आत्ताच धरला का? मुहूर्त तरी येऊ द्या."

आता मी काय केलं ते नीट सांगते. रुक्मिणीचं तीनशे बावन्न आलं. जास्तच, काळा गोल. भानुदासची नळी लावली तर काटा पट्टीच्या बाहेर. असं झालं की काय करायचं ते ठरलेलं असतं. सीरम निम्मं करायचं, तेवढंच सलाईन घालायचं, पुन्हा लावायचं, आणि येईल तो आकडा दुप्पट करायचा. कच्च्या वहीत मी 'निम्मं' असं लिहिलं आणि नळी लावली. तेवढ्यात लाईट गेली. लाईट येईपर्यंत बाहेर दहा माणसं तुंबली, कुणाचं टायफॉइड, कुणाची शुगर. लाईट आल्यावर नळी पुन्हा लावली, काटा बघितला आणि रिपोर्टवर लिहिला. दोनशे बारा. पांढरा चौकोन.

दुप्पट केला नाही. एवढंच. लॅबचे डॉक्टर संध्याकाळी येऊन गठ्ठ्यावर सह्या करून गेले.

लाईट गेली म्हणून झालं, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं. पण चूक तिथं नव्हती. तशी चूक कुणाच्याही हातून होते. चूक दुसऱ्या दिवशी झाली.

दुसऱ्या दिवशी सर कागद घेऊन परत आले. माझ्या टेबलापाशी उभे राहिले, बसले नाहीत. "भवानीनगर, भानुदासचं दोनशे बाराच?"

"हो सर. का?"

"न्हाय, म्या त्याची टाच चेपल्याली हाय. जाड हाय गं. पुन्यांदा लावू या का येकदा?"

सीरम फ्रीजमध्ये होतं. दहा मिनिटांचं काम. पण समोर चार पेशंट बसलेले, आणि त्यांच्यादेखत माझ्या रिपोर्टवर शंका! माझी जीभ पहिल्यापासून तिखट. मी म्हणाले, "सर, टाच चेपून कोलेस्टेरॉल कळत असतं तर मी कशाला इथं बसले असते? सगळ्यांना तुमच्याकडंच पाठवलं असतं."

पेशंट हसले. सरही हसले. कान धरल्यासारखं करून म्हणाले, "चुकलो, बाई. म्याच शिकवलं न्हवं तुमाला, कागद म्हंजी कागद." आणि कागदाची घडी घालून खिशात ठेवून गेले.

ह्याला शहाणपण म्हणत नाहीत, माज म्हणतात. तो दिवस मला परत मिळाला तर मी त्या चौघांच्या पाया पडून नळी लावीन.

लग्न झालं. लोणी देवकरला मांडव, मी नवऱ्यासोबत गेले, जिलेबी खाल्ली. सरांनी शब्द पाळला होता, गप्प बसले होते, वर स्वतः वाढायला उभे होते. आक्का सगळ्यांना सांगत होत्या, "माज्या भावानं रगत बघून लगीन लावलंय. आसं तालुक्यात कुणी केलं न्हाय."

आठ दिवसांनी एका अडत्याचं रक्त आलं. काटा बाहेर गेला. निम्मं केलं, लावलं, दुप्पट केलं, लिहिलं, आणि लिहिता लिहिता माझा हात थांबला. कच्ची वही काढली. मागची पानं उलटली. भानुदासच्या नावापुढं माझ्याच अक्षरात 'निम्मं'. दोनशे बारा दुणे चारशे चोवीस. काळा चौकोन.

आई मला म्हणायची, हिच्या तोंडात तीळ भिजत नाही. तीळ कसला, ही एवढी गोष्ट मी सहा वर्षं तोंडात धरली.

पहिल्या आठवड्यात म्हटलं, सर एकटे भेटले की सांगू. मग म्हटलं, लग्न तर झालंच, आता सांगून काय, उगीच संसारात माती. मग हिशेब केला, चारात एक, म्हणजे तीन माझ्या बाजूनं. असा विचार मी केला. माझ्या बाजूनं! सांगितलं असतं तर त्या दोघांना मूल होण्याआधी विचार करता आला असता, एवढं मला कळत होतं. आणि माझी नोकरी, माझं नाव, 'ही लिहिती ते खरं', हेही कळत होतं.

वर्षभरात मुलगी झाली. सोनी. चारातली ती एक चिठ्ठी पहिल्यांदाच निघाली.

ती चार वर्षांची असताना सर तिला घेऊन आले. कोपरांवर, गुडघ्यांवर, बोटांच्या बेचक्यांत पिवळट गाठी. घरी चामखीळ समजून कुणी चुना लावला होता, कुणी दोरा बांधला होता. सरांनी बघितलं त्या क्षणी त्यांना कळलं असणार. फक्त म्हणाले, "बघ."

मी सीरम निम्मं केलं, पुन्हा निम्मं केलं, आकडा चौपट केला. आठशे बारा. तीन वेळा लावलं. तीन वेळा तेच. ह्या तपासणीत जितकी चरबी जास्त तितकी नळी गुलाबी होते. सोनी स्टुलावर उभी राहून रांगेतल्या नळ्या बघत होती. "ह्यातली माजी कुठली?" मी सलाईन न घातलेली पहिली नळी दाखवली. ती टाळ्या पिटायला लागली. "आबा, सगळ्यात गुलाबी माजी हाय! माजी पयली आली!"

सरांनी तिला कडेवर घेतलं. "व्हय गं, तुजीच पयली." मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाले, "दोन्हीकडनं आलंय."

मी आत जाऊन नळ धरून उभी राहिले.

भानुदासचं रक्त पुन्हा घेतलं. चारशे तीस. सरांनी कागद बराच वेळ हातात धरला. आता विचारतील, आता विचारतील, म्हणून मी जीव मुठीत धरून बसले. सर म्हणाले, "वयानं वाढलं आसंल. त्या टायमाला वाढल्यालं नसंल." ह्या आजारात जन्मापासून वाढलेलं असतं हे मला त्यांनीच शिकवलेलं. मी मान हलवली. म्हणाले, "हो सर, तसंच असेल."

गोळ्या तेव्हा नुकत्याच मिळायला लागल्या होत्या. पेशीला चरबी कमी पडल्यासारखं भासवायचं, म्हणजे ती आणखी हूक बाहेर लावते, अशी ती गोळी. सरांनी स्वतःला कधी घेतली नाही, सोनीसाठी पुण्याहून आणायचे. "हूक बनतच न्हाय तितं गोळी कुणाला हाका मारणार?" असं म्हणायचे, तरी आणायचे. दर तीन महिन्यांनी तिला माझ्याकडं आणायचे. ती येऊन आधी विचारायची, "आज बी माजीच पयली का?" मी दरवेळी हो म्हणायचे. काय म्हणणार होते?

इकडं घरात वेगळंच शिजत होतं. पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, नात्यातलं लग्न, दोघांकडून आलंय. मग आक्कांना भावाचा कागद आठवला. मास्तरनं खोटा कागद आणला, पुतणी खपवायला आणला, असं बोलायला लागल्या. रुक्मिणी सरांशी बोलायची थांबली. ज्या माणसानं घसा फोडून ते लग्न अडवायला बघितलं, त्यानंच ते कपटानं लावलं असं ठरलं. सरांनी एकदाही म्हटलं नाही की तो कागद त्यांचा नव्हता, लॅबचा होता.

आषाढात, शाळेतून येताना, सोनी रस्त्याच्या कडेला दप्तरावर बसली. बरोबरच्या मुलींना वाटलं, दमली. सहावं वर्ष सुरू होतं.

दुसऱ्या दिवशी निरोप कळला तशी मी कॉलेजात गेले. माती उरकून परतलेले सर प्रयोगशाळेत एकटेच काचपट्ट्या पुसत होते. मी दारातच सांगून टाकलं. निम्मं केलं होतं, दुप्पट केलं नाही, आठ दिवसांत कळलं होतं, सहा वर्षं माहीत होतं. सगळं एका दमात. रडलेसुद्धा नाही. रडायला तोंड नव्हतं.

सरांनी हातातली काच पुसून पूर्ण केली. म्हणाले, "म्या चेपली व्हती टाच. मला बोटांना कळलं व्हतं." मग म्हणाले, "तू तरी मानूस हायस, चुकलीस. म्या बोटांचं सोडून कागदाचं ऐकलं."

"सर, मी आक्कांना सांगते. रुक्मिणीला सांगते. उद्या तिसरा आहे, तिथं येऊन सगळ्यांपुढं सांगते."

सरांनी पुढची काच घेतली.

तिसऱ्या दिवशी मी इंदापूरला उतरून लोणी देवकरची गाडी धरली. रस्ताभर वाक्य पाठ करत होते. आक्कांचं घर गाडी थांबते तिथंच, समोर. अंगणात ताडपत्रीचा मांडव, माणसं ओळीनं बसलेली. सर मांडवाबाहेर, एका उलट्या टोपल्यावर. आत बसलेल्यांत कुणी त्यांच्याकडं बघत नव्हतं. मी अंगणात पाय टाकला तोच आक्कांनी विचारलं, "कोण गं तू? ती रगत तपासनारी न्हवं?"

मी तोंड उघडलं. रुक्मिणी आतून उठून दारात आली होती. तिच्याकडं बघून मला वाक्याचा पहिला शब्दच आठवेना.

"ही माजी इद्यार्थिनी," सर मधेच उठून म्हणाले. "मला भेटाया आलीया."

"हिनंच बघितलं व्हतं ना भानुदासचं, लग्नाआधी?"

"न्हाय," सर म्हणाले. "हिनं निस्तं रगत काढलं, तपासाया म्या पुण्याला पाठवलं व्हतं. कागद म्या आणला. हिचा काय संबंध न्हाय." त्यांच्या तोंडून खोटं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. कुठंही अडखळले नाहीत.

आक्कांनी तोंड फिरवलं. रुक्मिणी माझ्याकडं बघत होती. मी बोलू शकत होते. दोन वाक्यं होती. सर माझ्या दंडाला धरून मला गाडीकडं घेऊन आले. ड्रायव्हर-कंडक्टर चहाला उतरले होते, गाडी रिकामी होती.

"सर, का असं..."

"ह्यांचा माज्यावर राग हाय, तो हाय. म्या झेलतो. ही बातमी फुटली तर उद्या तुज्याकडं कुणी रगत द्याया येणार न्हाय. अजून बारा जण बाकी हायती घरात, भानुदासची भावंडं, त्यांची पोरं. त्यांना हात धरून म्या दुसरीकडं कुठं नेऊ?" मला खिडकीशी बसवलं. "मंगळवारी दोघांना घिऊन येतो. दोनदा लाव."

आणि ते परत गेले. त्यांची मान खालीच होती. मांडवात कपबश्यांचा ट्रे फिरत होता. एक मुलगी ओळीनं सगळ्यांना चहा देत आली, सरांपाशी पोचली, आणि आक्कांकडं बघून तशीच पुढं गेली. सर टोपल्यावर बसले, हात गुडघ्यांवर ठेवून.

मला खिडकीतून सगळं दिसत होतं. खरं सांगते, मला हायसं वाटत होतं. ड्रायव्हर अजून चहाच पीत होता, कंडक्टर तंबाखू मळत होता, गाडीचं दार उघडं होतं. मी उतरले नाही.